तलावाच्या पोटातला चकवा

भुतंखेतं मी मानत नाही. म्हशींच्या व्यापारात शून्यातून वर आलेला माणूस आहे. समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे मला त्याच्या तोंडावरून कळतं. म्हणूनच हे अजून पचत नाही...

आमच्या केज तालुक्यात चकवा 'दिसला' असं कुणी म्हणत नाही. 'लागला' म्हणतात — ऊन लागतं तसा. ओळखीच्या वाटेवर माणूस फिरून फिरून एकाच जागी येतो. मला वाटायचं, उशिरा घरी येणाऱ्या दारुड्यांनी काढलेला शब्द आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं. दूध सोसायटीच्या चेअरमननं माझं दूध पाणी घातलेलं म्हणून चारचौघांत ओतून दिलं होतं. तो राग मनात. सोसायटीच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध माझा एकट्याचाच अर्ज जाणार होता — तीनच्या आत, केजला. सूचक म्हणून मेहुणा नामदेव सोबत. बाराला मोटरसायकलवर निघालो. तलाव कोरडाठाक, त्यामुळं सगळे त्याच्या पोटातूनच जायचे. समोर बांध दिसतोय, दहा मिनिटांचं काम.

गाडी नामदेव चालवत होता. पाणी आटून उघडी पडलेली एक जुनी विहीर डावीकडं गेली. थोड्या वेळानं परत तीच विहीर. मग परत. मी हँडल हिसकावलं, बांधावर नजर ठेवून स्वतः चालवली... पुन्हा विहीर.

"दाजी, चकवा लागलाय. खाली बसू. चपला उलट्या पायांत घालू."

"चेअरमनला विकला गेलास का बे?" मी त्याची गचांडी धरली.

तिथंच पेट्रोल संपलं. सकाळी अर्धी टाकी मीच भरली होती. नामदेवनं डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्यात घातली आणि चालू लागला. मी मागं. पाच मिनिटांत बांध आला. मला वाटलं अर्धा तास गेला असेल, घड्याळात साडेतीन. चेअरमन बिनविरोध आला.

दुसऱ्या दिवशी चाकांचा माग बघायला गेलो. नामदेवनं मुद्दाम गोल फिरवलं, हे त्याच्या तोंडावर सिद्ध करायचं होतं. माझ्या मागच्या टायरला तिरपा काप होता, त्यामुळं माग ओळखू यायचा. गावाकडून विहिरीपर्यंत एकच माग. सरळ. कुठं वळण नाही.

वाऱ्यानं पुसला म्हणावं, तर तेवढाच कसा राहिला? पेट्रोल कुणी काढलं म्हणावं, तर कधी? मी अजून विचारतोय, कुणाला सांगता येत नाही.

बायको म्हणते, नामदेवची माफी मागा. मी म्हणतो, आधी खुलासा होऊ दे. तेव्हापासूनची तिची ही तिसरी भाऊबीज, नामदेव आला नाही.