पोचल्याचा फोन येईपर्यंत

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे झोपेतच गेल्या. न्यूझीलंडला असलेल्या नणंदेला, संगीताला, फोनवर मलाच सांगावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "निघते वहिनी." ते ऐकलं आणि रडता रडता मला हसू आलं. कारण संगीता निघाली म्हटलं की आमच्या डोंगरकडा गावच्या घरात झाडलोट बंद!

घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा आत्याबाईंचा नेम. कुणी नांदेडला गेलं तर ठीक होतं, दुपारपर्यंत निभायचं. पण संगीता लग्न होऊन ऑकलंडला निघाली आणि माझी पंचाईत झाली. मला घाणीचा भारी तिटकारा. निरोपाला आलेलं गणगोत भुईमुगाच्या शेंगा फोडून गेलेलं, टरफलं पायाखाली कुरकुरतायत, आणि ही बाई केरसुणी खाटेमागं दडवून राखण करत बसलेली. आमच्या ह्यांनी मोबाईलवर बघून सांगितलं, हैदराबाद ते ऑकलंड सरळ धरलं तरी पावणेबारा हजार किलोमीटर, आणि मधे सिंगापूरला थांबून जायचं म्हणजे दिवसरात्र मोडणार. "सरळ हाय, तर मधी थांबतंय काहून?" आत्याबाईंनी विचारलं. ह्यांनी मोबाईल खिशात घातला.

त्या पहिल्या खेपेला सिंगापूरहून फोन आला, पोचले म्हणून. आत्याबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, मी एका दमात घर झाडून केर उकिरड्यावर टाकला. तेवढ्यात हे शेतातून आले आणि म्हणाले, ते तर निम्मंही नाही, पुढं सगळा समुद्र बाकी आहे. आत्याबाईंचा चेहरा उतरला. सूप घेऊन त्या उकिरड्यावर गेल्या, टरफलं भरून आणली आणि ओसरीवर स्वतःच्या हातानं पसरली... कोपऱ्यात जास्त होती का गं, असं मलाच विचारत! मी पोट धरून हसले. शेवटी त्याही हसल्या, पण केरसुणी काही दिली नाही. दुसऱ्या दिवशी संगीताचा फोन आल्यावर आधी खात्री करून घेतली, "तिथून पुढं तर जायचं न्हाई ना?" त्यानंतर दर खेपेला पहिला प्रश्न तोच असायचा.

तेरावं उरकून संगीता परत निघाली. मी हातावर दही घातलं. उंबऱ्यावर थांबून ती म्हणाली, "आता माझ्यासाठी कोण थांबनार, वहिनी?" मी तिची पिशवी उचलून दिली. गाडी सुटंल, जा, एवढंच म्हणाले.

तेराव्याला आलेल्या पाहुण्यांचा केर घरभर होता. सिंगापूरहून फोन आला, मी हूं म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वाजला.

"पोचले, वहिनी."

"तिथून पुढं तर जायचं न्हाई ना?"

पलीकडं ती आधी हसली, मग हुंदका आला. "झाडलं न्हाई तुमी?"

"न्हाई. तू पोचायची व्हतीस."

मग मी केरसुणी घेतली, सगळं घर लख्ख केलं. आत्याबाईंच्या खाटेखाली मात्र हात जाईना. त्यांचा फोन अजून यायचाय.