केसाळ बाजू लोखंडाला

ओर्सोलाने व्हेनिसच्या गोदीत एकतीस वर्षं आरमाराची शिडं शिवली. जाड सुई रेटायला तळहातावर बांधायचा तिचा चामडी पट्टा आईच्या हातचा होता. मग सरकारला लोखंडी युद्धनौकांचं वेड लागलं, त्याही बिनशिडाच्या. शिडं शिवणाऱ्या सातजणींना निरोप आला: शनिवारी पट्टे जमा करा आणि घरी बसा.

सहाजणींनी शालीची टोकं डोळ्यांना लावली. ओर्सोला म्हणाली, "हात तोडून न्या म्हणावं. पट्टा त्याच्यासोबतच येईल."

शुक्रवारी गोदीत चाचणी होती. जहाजाला भोक पडलं तर बाहेरून ओढून बसवायची एक गोधडी इंजिनियर बाल्डिनसाहेबांनी करून घेतली होती. जाड कॅनव्हास, एका अंगाला सुताची दाट लव. सोमवारी रोमहून बडे अधिकारी ती बघायला येणार होते. जुन्या लोखंडी पडावाला, म्हणजे मालवाहू होडीला, मुद्दाम भोक पाडलं, साहेब आत उभे राहिले, गोधडी ओढली, तरी पाणी भसाभसा आत.

काठावर बाकी सहाजणींसोबत उभी असलेली ओर्सोला खो खो हसली.

"दात काढायला काय झालं, म्हातारे?"

"साहेब, केसाळ बाजू बाहेर ठेवलीत. ती लोखंडाला हवी."

"गुळगुळीत पत्र्याला गुळगुळीत बाजूच चिकटते. गणित आहे ते!"

"मग गणितालाच सांगा पाणी उपसायला."

बूट भिजल्यावर साहेबांचं गणित ओसरलं. सातजणी पडावात उतरल्या, गोधडी उलटी करून त्यांनी दोर ताणले. लव भोकाच्या काठांत घट्ट दाबली गेली. धबधब्याची ठिबक झाली.

"शाबास! तू राहा कामावर. बाकीच्यांची गरज नाही."

ओर्सोलाने हातातला दोर तेवढा सैल सोडला. तिचं बघून शेजारच्या बेट्टिनाने सोडला, मग बाकीच्यांनी. पाणी पुन्हा खळाळलं.

"अगं बाई, करतेस काय! सोमवारी रोमची माणसं येतायत!"

"त्यांना पोहता येतं ना हो?"

पाणी साहेबांच्या पोटऱ्यांना लागलं. काठावरचे सुतार शिट्ट्या मारायला लागले.

"बरं, बरं! सातही राहा! ओढा आता!"

"लिहून द्या."

"इथं? पाण्यात?"

"पेन्सिल कानावर आहे की तुमच्या."

साहेबांनी नकाशाच्या पाठीवर खरडलं. ओर्सोलाला वाचता येत नव्हतं. तिने कागद काठावरच्या सुताराकडे दिला आणि दोनदा वाचून घेतला, दुसऱ्यांदा सावकाश. मगच दोराला हात घातला.