भांडी घासतानाचं गाणं

परीक्षित आमच्या अमेरिकेतल्या, आयसेलिनच्या घरात, बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. नागपूरचा, आयटीवाला, आणि बोलण्यात असा कंजूष की 'काकू, चहा छान झालाय' एवढंही मेला कधी म्हणाला नाही. दोन हजार तीनमध्ये त्याने मार्सियाशी लग्न केलं. ती शेजारच्या नेवार्कची, आईबाप ब्राझीलचे, घरी पोर्तुगीज. पण जन्म इथला, म्हणजे अमेरिकन सिटिझन. झालं, आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू, की ग्रीनकार्डासाठी केलं. मला संताप यायचा. पण खरं सांगते, शंका मलाही यायची. हा पोरगा बायकोकडे बघून हसताना कधी दिसला असेल तर शपथ.

मार्सियाही बेसमेंटमध्येच राहायला आली. रोज संध्याकाळी भांडी घासताना ती एकच गाणं म्हणायची. सुरुवातीला हळू, मग आवाज चढायचा आणि ताटल्या आपटायला लागायच्या. हा शेजारी उभा राहून मुकाट्याने पुसायचा.

ग्रीनकार्डाच्या इंटरव्ह्यूला नेवार्कला मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. लग्न खोटं आहे असं ठरलं तर याला देशाबाहेर काढणार होते. पोराची पाचावर धारण बसलेली. "काकू, लग्नाचा अल्बम घेतला ना?" असं सारखं विचारत होता आणि अल्बम त्याच्याच मांडीवर.

आत काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. ऑफिसरने अल्बम उघडलाच नाही. विचारलं, "बायको रागावली की काय करते?"

हा कसंबसं म्हणाला, "गाते."

"काय गाते?"

आणि गणपतीच्या आरतीतसुद्धा ओठ न हलवणाऱ्या या मुलाने ते पोर्तुगीज गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. घाबरत, अडखळत, पण अख्खं. अर्थ काही माहीत नव्हता. प्रेमाचं गाणं आहे, एवढंच तिने कधीतरी सांगितलेलं.

ऑफिसरने मार्सियाला अर्थ विचारला. ती मग खाली बघत म्हणाली, "दिवा लावलाय, जेवण गार झालंय. तू समोर बसला आहेस, तरी मी तुझीच वाट बघतेय. जीव तुटतो रे, पण आता वैतागले. अजून किती बघू?"

संपलं सगळं, आता मला परत पाठवतात, असंच परीक्षितला वाटलं. ऑफिसरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "खोट्या नवऱ्यावर कोणी इतकं चिडत नाही," म्हणाला आणि अर्ज मंजूर करून टाकला.

मी बाहेर पेढ्यांचा डबा उघडून उभी. दोघं आली, पण कोणीच पेढा घेईना. परीक्षितचा चेहरा आत जाताना होता त्याहून पांढरा, म्हणून मला वाटलं, नाकारलं. मार्सियाची आई तिथून जवळच राहायची. मार्सिया गाडीत न बसता त्या रस्त्याकडे बघत राहिली.

परीक्षितने अल्बम छातीशी धरला होता. त्याने विचारलं, "तू घरी येतेयस ना?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तू येतोयस का?" तिने विचारलं.

मी डबा बंद केला आणि गाडीत जाऊन बसले.