सिगारेटऐवजी दूध

गरोदरपणाचे नऊ महिने मी सिगारेटला हात लावला नाही. त्यात माझा पराक्रम काही नव्हता, वासानंच मळमळायचं. बाळंतपणाला माहेरी, क्रांती चौकामागच्या घरी आले, लेक झाली, आणि विसाव्या दिवशी मी कानाला रुमाल बांधून, पायात मोजे घालून कोपऱ्यावरच्या टपरीवर उभी होते. आईला सांगितलं होतं, मेडिकलवर जाते. टपरीवाल्यानं माझा बाळंतिणीचा अवतार पाहिला आणि आदबीनं विचारलं, "भाईसाब के लिए?" मी मान डोलावली. नवरा बिचारा पुण्यात होता आणि त्यानं जन्मात सिगारेट ओढली नव्हती.

ओढायची गच्चीवर. वासाची चिंता नव्हती. रोज अंघोळीनंतर आई मला आणि लेकीला ओवा-शेपांची धुरी द्यायची; त्यात माझाही धूर खपून जायचा. पण मन काही खपवून घेईना. लेकीला पाजायला घेतलं की वाटायचं, सगळं विष हिच्या पोटात चाललंय. मग मी शहाणपणाचा कळस केला. सिगारेट सुटत नव्हती, म्हणून दूधच सोडलं. "आई, दूध पुरत नाही गं," म्हणाले आणि पावडरच्या दुधाची बाटली सुरू केली.

आई ऐकते थोडीच! "असं कसं पुरत नाय? आपल्या घरात कुणाचं दूध आटलं नाय," म्हणत तिनं अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी असा मारा सुरू केला. खोटं माझंच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आठवड्याभरात ब्लाउज ओले व्हायला लागले, छाती दगडासारखी झाली आणि ताप भरला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाजत का नाही?" आई शेजारीच बसली होती. मी खरं काय ते सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही उलटंच केलंत. सोडायची ती सिगारेट. आणि ती सुटेपर्यंतसुद्धा पाजणं थांबवू नका, फक्त बाळाच्या आसपास ओढू नका."

घरी आल्यावर आई म्हणाली, "मी इथं अळीव भिजवत व्हते, अन् तू वर धूर काढत व्हतीस. व्हय?"

मी "हो" म्हणाले. दोन दिवस तिनं अबोला धरला. खीर मात्र चुकवली नाही.

सिगारेट मी त्याच दिवशी सोडली. फुशारकी मारण्यासारखं त्यात काही नाही. सगळ्यांवर खेकसायचे, बडीशेप चावून चावून जबडा दुखायचा. पण खरी शिक्षा लेकीनं दिली. तिला बाटलीची सवय लागली होती. छातीशी घेतलं की तोंड फिरवायची, रडून लालबुंद व्हायची. मी तिच्याहून जास्त रडायचे. आपल्याच लेकरानं आपल्याला नको म्हणावं, याहून वाईट मला तोवर काही ठाऊक नव्हतं. सहाव्या दिवशी तिनं तोंड लावलं. त्यानंतर तलफ आली की मी तिलाच उचलून घ्यायचे.

आता ती दोन वर्षांची होत आली. आई केव्हाची मागं लागलीय, कडुनिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिवसांत दूध सुटतं. मी चालढकल करते. सगळ्यांना वाटतं, लेकीला सोडवत नाही. परवा माहेरी आले होते, तेव्हा न राहवून आईला म्हणाले, "हिचं दूध सुटलं तर मला कोण अडवणार?"

मेथी निवडता निवडता आई थांबली. "एवढ्याशा लेकरावर हे वझं टाकती व्हय? तिनं नुसतं दूध पेलं. सिगारेट तू सोडलीस."

मी मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाला मीच वाटला.