मले की मला

कपाट आवरताना बी.एड.चा जुना तक्ता निघाला आणि स्केचपेनचा गोडसर वास नाकात शिरला. वर माझ्याच ऐटबाज अक्षरात लिहिलंय: 'चतुर्थी – स, ला, ते.'

तक्ता केला होता शहरातल्या, धरमपेठेतल्या नामांकित शाळेसाठी. सराव पाठाच्या आदल्या दिवशी कॉलेजनं यादी बदलली आणि मला शहराबाहेर कन्हानला धाडलं. कडक इस्त्रीची साडी त्या धुळकट शाळेत वाया जाणार, एवढंच या भावी शिक्षिकेचं दुःख!

'राम'चं चतुर्थीचं रूप विचारलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "रामाले."

"ले नाही, ला! ही काय भाषा झाली?" मी नाक मुरडलं.

"मंग मॅडम, आत्ता शिपाईबाईले तुमी 'मले पाणी द्या' काहून म्हणलं?"

वर्ग खदखदा हसला. मी तिला तासभर उभं ठेवलं. अहवालात लिहिलं, 'विद्यार्थ्यांची भाषा अशुद्ध.' आमच्या थोर मार्गदर्शकांनी त्यावर शेरा मारला, 'उत्तम निरीक्षण.'

संध्याकाळी हुडकेश्वरला घरी पोचले. आईनं विचारलं, "कसा झाला वं पाठ?"

मी पर्स आपटून म्हणाले, "काय सांगू आई, त्या पोट्ट्यायले धड मराठीच येत नाही वं!"