यशोधराबाईंचा पहारा

यशोधराबाईंना कोणी "नशीबवान बाई, एसीत बसते" म्हटलं की माझं डोकं फिरतं. कोपरगावजवळच्या आमच्या साखर कारखान्यात नव्व्याण्णवच्या गळीत हंगामात सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. वायरीतून कोणी चोरून शिरतंय का, हे बघणारा एक प्रोग्रॅम पुण्याहून आणला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला या बाई बसवल्या. म्हणजे पहारेकऱ्यावर पहारा. मी शेजारच्या टेबलावर ऊसनोंदणी करायचो, रोज बघायचो.

पहारेकरी दिसायला दांडगा, आतून अगदीच लेचापेचा. वजनकाट्याचं जुनं मशीन बिघडलं की भाराभर निरर्थक संदेश सोडायचं. हा गडी एकेक संदेश तपासत बसायचा आणि गुदमरून बंद पडायचा. पडद्यावर मात्र 'ऑल ओके' तसंच. "साहेब, कोणी मुद्दाम असा कचरा ओतला, तर याला आंधळा करून खुशाल आत शिरेल," बाईंनी आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट काकासाहेब यांना सांगितलं. "मग तुम्ही बसा ना लक्ष ठेवून," ते म्हणाले. झालं. रजा बंद. बाई दिवसभर प्रोग्रॅम बंद-चालू करत बसायच्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

तिकडे माहेरी, जामखेडजवळच्या खर्ड्याला, त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. सारखी कण्हायची, लेकीला हाका मारायची. भाऊ सहादू फोन करायचा, बाई म्हणायच्या, "हंगाम संपू दे रे." मला काकासाहेबांचा संताप यायचा, पण बोलतो कोण.

एका दुपारी सहादूचा फोन आला. तो ओरडूनच बोलायचा, मलाही ऐकू आलं. "ताई, घाई करू नगं. आई आता लई शांत हाय. सकाळपासनं हाकबी मारली न्हाई."

बाईंनी रिसीव्हर ठेवला. पडद्याकडे बघितलं. 'ऑल ओके'. त्यांनी पर्स उचलली.

"अहो बाई, प्रोग्रॅम?" काकासाहेब दारातच आडवे आले.

"तोही शांतच आहे, साहेब," म्हणाल्या, आणि निघाल्या.

नगर, जामखेड अशा एसट्या बदलत त्या पोचल्या, तेव्हा आईची वाचा गेली होती. लेकीने हात धरला तर तिने तो दाबला, एवढंच. पहाटे गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकून बाई कामावर आल्या. काकासाहेब खुशीत होते. "बघा, तुम्ही नव्हता तरी काही अडलं नाही. रोज ऑल ओके."

बाईंनी मला पडद्यावर 'ऑल ओके'खालची शेवटच्या तपासणीची तारीख-वेळ दाखवली. त्या खर्ड्याला निघाल्या त्याच दुपारची होती.

"याच्यासाठी थांबले होते मी," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबून त्याला पुन्हा चालू केलं.