विचारून सांगणारे उपनाना

उपनानांनी स्वतःहून 'हो' किंवा 'नाही' म्हटल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. नळ कोरडा असो की गटार तुंबलेलं, उत्तर एकच: "सरपंचले इचारीसन सांगस." गावातले दोन्ही गट हटून बसले, म्हणून कोणाच्याच डोळ्यांत न खुपणारे नाना उपसरपंच झाले होते, आणि गावाचे उपनाना.

आणि ऐन ऊसतोडीत सरपंच छातीत कळ येऊन गेले. कारभार नानांच्या गळ्यात पडला, आणि त्याच आठवड्यात गावाशेजारच्या उसात बिबट्या शिरला! वासरं उचलली. कारखान्याकडून तोडीची पाळी आलेली, ती चुकली तर ऊस उभा वाळणार. तोडायला आलेल्या सातपुड्यातल्या माणसांच्या पाचटाच्या कोप्या मात्र बांधालाच, लेकरं झोळीत. गाव पंचायतीत घुसलं. तोडायचं की थांबायचं?

नाना सवयीने म्हणाले, "सरपंचले इचारीसन..." आणि त्यांची नजर सरपंचांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. कोणी हसलं नाही. मी नवीन सदस्य, मला तर रडूच येत होतं.

"नाना, आते कोणले इचारश्यात?" मी म्हटलं.

नानांनी चपला घातल्या. "ज्यासना पोरे उसना कडेले झोपतस, त्यासले."

तोडणाऱ्यांतल्या मोगीबाईसमोर नाना बांधावर मांडी घालून बसले. ती म्हणाली, आम्ही तोडू, पण लेकरं इथे नकोत; आणि गावाकडून तोडत जाऊ, डोंगराकडची बाजू बिबट्याला मोकळी ठेवा. वासरांच्या पंचनाम्याला आलेल्या वनखात्याच्या माणसांनीही मान डोलावली.

नानांनी पंचायतीचा हॉल उघडला. झोळ्या टांगल्या, एकीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं सरपंचांच्या जड खुर्चीला. मग रिकामा डबा बडवत नाना सगळ्यांच्या पुढे! कोयते चालू लागले, ऊस आडवा होत गेला. दुपारी उसातून पिवळा पट्टा सुटला, पाटावरून उडी, आणि गेला डोंगराकडे! अख्खं गाव ओरडलं, मी तर बांधावर नाचले. नाना घामाने निथळत विचारत होते, लेकरं जेवली का?

त्या खुर्चीत ते कधीच बसले नाहीत. आग्रह केला की म्हणत, "तठे पोर झोपेल शे." हॉल रिकामा असला तरी हेच, तिथे पोर झोपलंय. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. आता सरपंच मी आहे. यंदा तोडीला आलेली मोगीबाई तान्ह्या नातीला घेऊन थेट पंचायतीत आली आणि नाना कुठे म्हणाली. मी सांगितलं. तिने दारातूनच खिडकीकडे बघितलं आणि खांद्यावरची झोळी सावरली.

मी त्याच जड खुर्चीतून उठले, ती खिडकीशी ओढली आणि झोळीचं टोक बांधायला तिच्याकडून मागून घेतलं.